वेतनजप्ती, आंतरराज्यीय

वेतनजप्ती : न्यायालयाने ठरविलेल्या देण्याच्या वसुलीसाठी ऋणकोच्या वेतनाचा काही भाग तो त्याच्या हाती पडण्यापूर्वीच वेतनदात्याकडे अडवून न्यायालयात भरणा करविण्याची कार्यवाही. घर, शेत वा जनावरे यांच्या जप्तीत ऋणकोच्या ताब्यातील वस्तू हस्तगत करावयाची असते. वेतनजप्तीत मात्र अशी वस्तू नसते. वेतनदाता हा आपल्या नोकराचा ऋणको असतो व त्या ऋणावरच न्यायालय हात ठेवते. त्यामुळे ह्या कार्यवाहीत हुकूमनामाधारक, निर्णीत ऋणको आणि वेतनदाता असे तीन पक्ष येतात. ऋणकोचे घर, हुकूमनामा देणारे न्यायालय आणि वेतन वाटणारी कचेरी ही तिन्ही एकाच गावी असतील, तर विशेष अडचण पडत नाही. ती निरनिराळ्या राज्यांत असतील, तर कोणत्या न्यायालयाचा आदेश कोणावर बंधनकारक ठरावा, हा प्रश्न उद्‌भवतो. त्यास आंतरराज्यीय वेतनजप्तीचा प्रश्न म्हणतात.

ह्या विषयाच्या परिभाषेतच त्याचा इतिहास साठविलेला आहे. ‘वेतन’ हा संस्कृत शब्द. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आलेला. ‘जप्ती’ व ‘हुकूमनामा’ हे अरबी–फार्सी मार्गाने मराठीत रुळलेले. पेशवाईत सावकार ऋणकोच्या दारी तगादा लावी वा धरणे धरी. परंतु चालू वेतनातून दरमहा ठरावीक हप्ता न्यायालयामार्फत कापून घेण्याची पद्धत त्या काळी नव्हती. मासिक वेतनावर जगणारा मोठा वर्ग निर्माण झाल्यावर, म्हणजे सरकारी कचेऱ्या, रेल्वे, गिरण्या व खाणी ह्यांच्या काळात, ती रूढ झाली. भारतात १८५९ साली पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता झाली. तिच्या जागी १८७७, १८८२ व १९०८ साली नव्या संहिता आल्या. त्यांपैकी १९०८ ची संहिता वेळोवेळी सुधारलेल्या स्वरूपात अद्यापि अंमलात आहे.

राज्यसीमेचा वेतनजप्तीवर होणारा परिणाम अभ्यासण्यास महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा–जिवती ह्या प्रदेशाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. एकाच शतकात ह्या भूभागाने संस्थान, प्रांत आणि राज्य अशा निरनिराळ्या सत्तांच्या सीमा अनुभवल्या. लोक मात्र त्याच वाटांनी कामास जात राहिले.

प्रदेश व त्याची सीमा : चंद्रपूर, म्हणजे पूर्वीचा चांदा जिल्हा, नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर १८५४ पासून ब्रिटिश अंमलाखाली आला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील राजुरा तालुका मात्र हैदराबादच्या निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात मोडे. हल्लीचा जिवती तालुका हा ह्याच राजुरा भागातील माणिकगडच्या डोंगराळ पट्ट्याचा आहे. गोंड व कोलाम ह्या येथील जुन्या जमाती. त्यांच्या जोडीस बंजारा व मराठवाड्यातून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. पूर्वेस गडचिरोली भागात प्राणहिता आणि गोदावरी ह्या नद्यांनीही ब्रिटिश मुलूख व निजामाचा मुलूख वेगळे केले होते.

नदीच्या दोन्ही तीरांवर मजुरीची केंद्रे उभी राहिली. बल्लारपूर येथे कोळशाच्या खाणी व पुढे कागद गिरणी निघाली. पलीकडे राजुरा तालुक्यात सास्तीची खाण सुरू झाली. काजीपेठ–बल्लारशाह रेल्वेमार्ग १९२९ मध्ये पुरा होऊन दक्षिणोत्तर वाहतुकीचा नवा दुवा तयार झाला. दक्षिणेस सिरपूरजवळ, पुढे कागजनगर ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या गावी, १९३८ मध्ये स्थापन झालेली सिरपूर कागद गिरणी चालू झाली. एका तीरावर घर आणि दुसऱ्या तीरावर रोजगार ही स्थिती अशा ठिकाणी स्वाभाविकच होती. व्यवहारात नाणीही दोन होती : निजामाचा ‘हाली’ रुपया आणि ब्रिटिशांचा ‘कलदार’ रुपया. साधारण सात हाली रुपयांस सहा कलदार असा त्यांचा दर असे. कर्ज एका नाण्यात आणि वेतन दुसऱ्या नाण्यात असले की हिशेबाचा घोळ ऋणकोच्या माथी येई.

दोन सत्तांचा काळ : १९४८ पूर्वी राजुऱ्यातील न्यायालय आणि चांद्याचे न्यायालय ही कायद्याच्या दृष्टीने परकीय न्यायालये होती. निजामाच्या राज्यात न्यायालयीन कारभाराची भाषा उर्दू होती व तेथे ब्रिटिश हिंदुस्थानची संहिता लागू नव्हती. १९०८ च्या संहितेच्या १३ व्या कलमाने परकीय न्यायनिर्णयास काही अटींवर मान्यता दिलेली होती. परंतु मान्यता म्हणजे अंमलबजावणी नव्हे. कलम ४४ अन्वये एखाद्या संस्थानाच्या न्यायालयांचे हुकूमनामे ब्रिटिश हद्दीत थेट बजावता येतील, अशी अधिसूचना काढण्याची तरतूद होती. अशी अधिसूचना नसेल तेथे हुकूमनामाधारकास तो परकीय निर्णय हाच आधार धरून दुसऱ्या हद्दीत नवा दावा लावावा लागे. म्हणजे एकाच कर्जापायी दोनदा न्यायालयाची पायरी चढावी लागे व दोनदा खर्च सोसावा लागे.

ह्या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध निर्णय एका पगारी नोकराविषयीचाच आहे. पंजाबातील फरीदकोट संस्थानात काही वर्षे खजिनदार असलेला एक गृहस्थ नोकरी सोडून आपल्या मूळ जींद संस्थानात परतला. त्यानंतर फरीदकोटच्या राजाने स्वतःच्याच संस्थानातील न्यायालयात त्याच्यावर एकतर्फी हुकूमनामे मिळविले आणि ते ब्रिटिश हद्दीत वसूल करण्याचा प्रयत्न केला. प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये असे ठरविले, की दाव्याच्या वेळी जो त्या संस्थानात राहत नाही व त्या न्यायालयाची सत्ता ज्याने मान्य केलेली नाही, त्याच्यावरील असा वैयक्तिक हुकूमनामा अन्य देशाच्या न्यायालयांत निरर्थक होय. पूर्वी तेथे नोकरी केली होती, एवढ्याने त्या न्यायालयाचा अधिकार त्याच्या मागे चालत येत नाही. वर्धेच्या काठावरील कामगारासही हेच तत्त्व लागू पडे. नदी ओलांडणे ही कर्ज चुकविणाऱ्यास मिळालेली सवलत होती. पण अन्यायी एकतर्फी हुकूमनाम्यापासून दुर्बल ऋणकोस मिळालेले संरक्षणही तीच होती. सीमेचे हे दुहेरी स्वरूप पुढील सर्व काळात टिकून राहिलेले दिसते.

सरकारी व रेल्वे नोकरांपुरती मात्र संहितेने आरंभापासून वेगळी वाट काढली होती. आदेश २१, नियम ४८ प्रमाणे सरकारी नोकर, रेल्वे कंपनीचा नोकर किंवा स्थानिक प्राधिकरणाचा नोकर ह्यांचे वेतन जप्त करताना ऋणको अथवा वेतन वाटणारा अधिकारी न्यायालयाच्या स्थानिक हद्दीत असो वा नसो, न्यायालयास आदेश देता येई. ज्याचे वेतन एका मोठ्या सार्वजनिक तिजोरीतून निघते, त्याच्या बाबतीत ती तिजोरी हेच स्थळ मानावे, असा ह्यामागील विचार होता. खाजगी धन्याच्या नोकरास हा नियम लागू नव्हता. त्याच्या वेतनावर ‘तिऱ्हाइताकडील येणे’ म्हणून सामान्य जप्तीचाच मार्ग होता.

न्यायालयाबाहेरील जप्ती : वेतनजप्तीचा इतिहास केवळ कायद्याच्या कलमांत पाहिला, तर अर्धेच चित्र दिसते. संहितेने मजुरांची व घरगुती नोकरांची मजुरी, ती रोख असो वा धान्यरूपाने, जप्तीतून पूर्णतः वगळलेली होती. प्रत्यक्षात ह्या वर्गाच्या मजुरीवर न्यायालयाविनाच जप्ती बसे. पगाराच्या दिवशी खाणीच्या किंवा गिरणीच्या फाटकाशी सावकार अथवा त्याचा माणूस उभा राही. विदर्भात सालदार वर्षाच्या आरंभी घेतलेली उचल फेडता फेडता पुढल्या सालाचा करार करून बसे. निजामाच्या राज्यात कर्जापायी धन्याच्या घरी राबणाऱ्यास ‘भगेला’ म्हणत. ह्या करारांवर नियंत्रण घालण्यासाठी हैदराबाद संस्थानाने १९३६ मध्ये विनियम केला. अशा व्यवहारात हुकूमनामा नसे व वेतनाचा संरक्षित भागही नसे. देशपातळीवर ह्या प्रथेविरुद्ध वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम झाला तो १९७६ मध्ये.

ब्रिटिश हिंदुस्थानात ह्या प्रश्नास वाचा फोडण्याचे कार्य शाही मजूर आयोगाने केले. १९२९ मध्ये नेमलेल्या व १९३१ मध्ये अहवाल सादर केलेल्या ह्या आयोगाचे नारायण मल्हार जोशी हे एक सदस्य होते. कामगाराचे कर्ज हे त्याच्या दारिद्र्याचे कारण तसेच परिणामही आहे, हे आयोगाने विस्ताराने दाखविले आणि अल्प वेतन जप्तीतून मुक्त ठेवावे, अशी शिफारस केली. त्यानंतर १९३६ मध्ये वेतन प्रदान अधिनियम झाला आणि १९३७ मध्ये संहितेच्या ६० व्या कलमात महत्त्वाची सुधारणा झाली. वेतनाचे पहिले शंभर रुपये व उरलेल्या रकमेचा अर्धा भाग जप्तीतून मुक्त ठरला. तसेच चोवीस महिने जप्ती चालू राहिल्यानंतर पुढील बारा महिने वेतन मोकळे ठेवावे आणि ती चोवीस महिन्यांची जप्ती एकाच हुकूमनाम्यासाठी झाली असेल, तर त्या हुकूमनाम्यापुरते वेतन कायमचे मुक्त व्हावे, असा नियम आला. परंतु चोवीस महिन्यांचे हे संरक्षण प्रथम सरकारी, रेल्वे व स्थानिक प्राधिकरणांच्या नोकरांपुरतेच होते. ज्यांच्याविरुद्ध दूरवरून आदेश काढणे सोपे, त्यांनाच सुटकेची मुदतही मिळाली. खाजगी नोकर दोन्ही दृष्टींनी मागे राहिला.

विलीनीकरण व पुनर्रचना : सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले व २६ जानेवारी १९५० रोजी ते ‘ब’ वर्ग राज्य बनले. संविधानाच्या २६१ व्या अनुच्छेदाने भारताच्या कोणत्याही भागातील दिवाणी न्यायालयांचे अंतिम निर्णय भारतात कोठेही कायद्यानुसार अंमलबजावणीस पात्र ठरविले. १ एप्रिल १९५१ पासून दिवाणी प्रक्रिया संहिता ‘ब’ वर्ग राज्यांस लागू झाली. वर्धा नदी आता दोन कायद्यांची सीमा राहिली नाही. हाली नाणेही त्या दशकात व्यवहारातून गेले.

तथापि सत्तांतराच्या संधिकाळातील हुकूमनाम्यांचे काय, हा वाद बराच काळ चालला. ग्वाल्हेरच्या न्यायालयाने नोव्हेंबर १९४८ मध्ये दिलेला एकतर्फी हुकूमनामा अलाहाबाद येथे बजावता येईल काय, असा प्रश्न मालोजी नरसिंगराव शितोळे ह्यांच्या खटल्यात उपस्थित झाला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूमनामा परकीय न्यायालयाचा असल्याने अलाहाबादेत बजावता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बांकुडा येथील १९४९ च्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी मध्य प्रदेशातील मुरैना येथे होऊ शकते, असे त्याच न्यायालयाने ठरविले. कारण संहिता त्या प्रदेशास लागू झाल्यावर तेथील न्यायालय हे संहितेखालील न्यायालय बनले होते. मुक्तीपूर्व काळात मुंबईच्या न्यायालयाने दिलेला हुकूमनामा संहिता गोव्यास लागू झाल्यानंतर पणजीस बजावता येतो, असा निर्णय १९७६ मध्ये झाला. ह्या निर्णयांच्या क्रमावरून परकेपणाची कल्पना हळूहळू कशी आकुंचित झाली, हे लक्षात येते.

ह्याच काळात राजुऱ्याची सीमाही बदलत होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका आदिलाबादमधून निघून नांदेड जिल्ह्यात, म्हणजे द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्यास जोडला गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाला. उरलेला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात व २ जून २०१४ पासून तेलंगणात गेला. म्हणजे पूर्वी जी सीमा वर्धा नदीवर होती, ती माणिकगडच्या डोंगराळ पट्ट्यापलीकडे सरकली. बल्लारपूरचा कामगार व राजुऱ्याचे न्यायालय एका राज्यात आले. राजुऱ्याचा रहिवासी व कागजनगरची गिरणी मात्र दोन राज्यांत विभागली गेली.

१९७६ ची सुधारणा व नंतरचा काळ : विद्यमान व्यवस्थेचा पाया १९७६ च्या सुधारणा अधिनियमाने घातला. तो १ फेब्रुवारी १९७७ पासून अंमलात आला. त्यातील चार गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, हुकूमनामा अन्य न्यायालयाकडे पाठविताना तो थेट पाठवावा, मग ते न्यायालय त्याच राज्यात असो वा नसो. पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यासाठी तो तेथील जिल्हा न्यायालयामार्फत जात असे. दुसरी, नियम ४८ ची व्याप्ती अधिनियमाने स्थापिलेली व्यापारी वा औद्योगिक महामंडळे आणि शासकीय कंपन्या ह्यांच्या नोकरांपर्यंत वाढली. तिसरी, खाजगी नोकरांसाठी नियम ४८-अ नव्याने घालण्यात आला व त्यांच्याही वेतनातून मासिक हप्त्याने कपात करण्याचा आदेश देता येऊ लागला. चौथी, चोवीस महिन्यांचे संरक्षण सर्व वेतनधारकांस मिळाले.

परंतु नियम ४८ व ४८-अ ह्यांतील एक भेद राहिलाच. पहिल्यात वेतन वाटणारा अधिकारी न्यायालयाच्या हद्दीत असो वा नसो, आदेश निघू शकतो. दुसऱ्यात तो अधिकारी हद्दीत असला, तरच आदेश देता येतो. १ जुलै २००२ पासून कलम ३९ मध्ये घातलेल्या पोटकलमाने न्यायालयाने आपल्या हद्दीबाहेरील व्यक्ती वा मालमत्ता ह्यांविरुद्ध हुकूमनामा बजावू नये, हे स्पष्ट केले. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम ४८ सारख्या वेगळ्या तरतुदींस ह्या पोटकलमाने बाध येत नाही, असे सांगितले. त्यामुळे दोन नियमांमधील अंतर आजही कायम आहे.

प्रत्यक्ष परिणाम उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, राजुरा येथील दिवाणी न्यायालयाने जिवती तालुक्यातील तीन रहिवाशांविरुद्ध कर्जाच्या रकमेचे हुकूमनामे दिले. त्यांपैकी पहिला सिंगरेणी कोळसा कंपनीच्या तेलंगणातील खाणीत कायम नोकर आहे. तिचे भागभांडवल तेलंगण राज्य व केंद्र शासन ह्यांचे असल्याने ती शासकीय कंपनी होय. तिच्या वेतनवाटप अधिकाऱ्यास राजुऱ्याचे न्यायालय थेट आदेश देऊ शकते. दुसरा कागजनगरच्या खाजगी कागद गिरणीत नोकर आहे. त्याच्या बाबतीत हुकूमनामा, तो किती अंशी अपूर्ण आहे त्याचा दाखला व संबंधित आदेशाची प्रत तेलंगणातील न्यायालयाकडे पाठवावी लागते. ते न्यायालय तो हुकूमनामा आपणच दिला आहे, अशा अधिकाराने पण त्या राज्यातील नियमांप्रमाणे बजावते आणि निष्पत्ती मूळ न्यायालयास कळविते. तिसरा दरसाल मिरचीतोडणीच्या हंगामात तेलंगणात मजुरीस जातो. त्याची मजुरी, रोख असो वा मिरचीच्या रूपाने, जप्तीस पात्रच नाही. तिघेही एकाच तालुक्याचे रहिवासी आणि तिघांचेही काम एकाच राज्यात. तरी कायद्याची वाट प्रत्येकाची निराळी. ह्यावरून ध्यानात येते, की आंतरराज्यीय वेतनजप्तीत ऋणको कोठे राहतो ह्यास निर्णायक महत्त्व नसून वेतन कोण देतो आणि ते कोठून वाटले जाते, ह्यास आहे.

हुकूमनामा पाठविण्यास लागणाऱ्या अवधीत ऋणको आपली मालमत्ता हलवील, अशी भीती असल्यास कलम ४६ अन्वये मूळ न्यायालय दुसऱ्या न्यायालयास तात्पुरत्या जप्तीची आज्ञा पाठवू शकते. मुदत वाढविली नाही वा त्यापूर्वी हुकूमनामा पाठविला गेला नाही, तर अशी जप्ती दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीस सामान्यतः बारा वर्षांची मुदत असते.

मुक्त भागाची गणना : जप्तीयोग्य रक्कम ठरविण्याचे मान काळानुसार बदलत गेले. १९३७ चे शंभर रुपये पुढे दोनशे झाले. १९७६ च्या सुधारणेने पहिले चारशे रुपये व उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश मुक्त ठरविले. १ जुलै २००२ पासून चारशेच्या जागी एक हजार रुपये आले. ज्या भत्त्यांस शासनाने अधिसूचनेने सूट दिलेली असते, ते ह्या हिशेबात धरीत नाहीत. उदा., गणनेयोग्य वेतन ३१,००० रुपये असेल, तर १,००० रुपये व उरलेल्या ३०,००० चे दोन-तृतीयांश म्हणजे २०,००० रुपये, असे एकूण २१,००० रुपये मुक्त राहतात. जप्तीस १०,००० रुपये उरतात व चोवीस महिन्यांत एका हुकूमनाम्यासाठी अधिकात अधिक २,४०,००० रुपये वसूल होतात. भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तिवेतन ह्यांसही कायद्याने संरक्षण आहे. एक हजाराचा आकडा मात्र २००२ नंतर बदललेला नाही. अल्प वेतनधारकाच्या निर्वाहापुरती रक्कम अबाधित राहावी, ह्या मूळ हेतूने घातलेली ही मर्यादा महागाईमुळे जवळजवळ नाममात्र झाली असून संरक्षणाचा खरा भार दोन-तृतीयांश ह्या प्रमाणावरच पडतो.

वेतनातील एकूण कपातीवर कामगार कायद्याचीही मर्यादा असते. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने न्यायालयाच्या आदेशानुसार होणारी कपात मान्य केली होती. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा, आणि सहकारी संस्थांचे देणे त्यांत असल्यास तीन-चतुर्थांशापेक्षा, अधिक होऊ नयेत, असा नियमही त्यात पुढे समाविष्ट झाला. त्या अधिनियमाची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीत एकूण कपातीची मर्यादा निम्म्या वेतनाची आहे.

पोटगी : वेतनजप्तीचा विचार नेहमी सावकार विरुद्ध कामगार अशाच चौकटीत करता येत नाही. कामासाठी परराज्यात गेलेल्या पुरुषाने घरी पैसे पाठविणे बंद केले, तर मागे राहिलेली पत्नी व मुले हीच हुकूमनामाधारक असतात. त्यांच्यासाठी सीमा ही तांत्रिक बाब नसून चुलीचा प्रश्न असतो. १९५६ च्या सुधारणेने पोटगीचे हुकूमनामे वेगळे काढून त्यांच्या वसुलीसाठी वेतनाचा केवळ एक-तृतीयांश भाग मुक्त ठेवला. म्हणजे दोन-तृतीयांश वेतन जप्त होऊ शकते. चोवीस महिन्यांची मर्यादाही येथे आड येत नाही. मजुरीला असलेली पूर्ण सूट मात्र पोटगीच्या हुकूमनाम्यासही लागू पडते. त्यामुळे मजुराच्या कुटुंबास दिवाणी जप्तीचा उपयोग होत नाही व त्यास दंडाधिकाऱ्याकडे जावे लागते. दंडाधिकाऱ्याचा पोटगीचा आदेश प्रतिपक्ष जेथे असेल तेथील कोणत्याही दंडाधिकाऱ्यामार्फत बजावता येतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. म्हणजे जिवतीच्या स्त्रीस मिळालेला आदेश आसिफाबादेतही बजावता येतो. पण तेथे तो बजावून घेण्यासाठी करावा लागणारा प्रवास, बुडणारी मजुरी आणि तेलुगूतील कामकाज ह्यांची भरपाई कोणत्याही कलमात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा ह्या प्रकरणात पोटगीचे आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेही बजावता येतील, असे मार्गदर्शन केले आहे.

अन्य देशांतील पद्धती : इंग्लंडमध्ये १८७० च्या अधिनियमाने नोकरांच्या व मजुरांच्या वेतनाची जप्ती रद्द करण्यात आली होती. पोटगीसाठी ती १९५८ मध्ये पुन्हा आली आणि १९७१ च्या अधिनियमाने तिला व्यापक स्वरूप मिळाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणे एका राज्यात व नोकरी दुसऱ्या राज्यात हा प्रकार फार जुना आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये हॅरिस विरुद्ध बाक ह्या खटल्यात, येणे ऋणकोबरोबर प्रवास करते व तो जेथे सापडेल तेथे त्यावर जप्ती बसू शकते, असे तत्त्व मांडले. १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने, सूचना व सुनावणी ह्यांविना दाव्याच्या निकालापूर्वी वेतन अडविणे घटनाबाह्य ठरविले. १९६८ च्या संघीय कायद्याने सर्व राज्यांसाठी जप्तीची कमाल मर्यादा घातली. सामान्य कर्जासाठी ती निव्वळ वेतनाच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. सामान्य धनकोस तेथेही आपला निर्णय वेतनदात्याच्या राज्यात नोंदवून घ्यावा लागतो. परंतु अपत्यांच्या पोटगीचा आदेश एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील वेतनदात्याकडे थेट पाठविता येतो व तो पाळणे वेतनदात्यावर बंधनकारक असते. भारतात हा थेट मार्ग नियम ४८ मधील वेतनदात्यांपुरता मर्यादित आहे, म्हणजे तो वेतनदात्याच्या प्रकारावर आधारलेला आहे. अमेरिकेत तो देण्याच्या प्रकारावर आधारलेला आहे. हा फरक मूलगामी स्वरूपाचा आहे.

मूल्यमापन : गेल्या शतकातील वाटचाल पाहता राज्यसीमेचे स्वरूप पालटले, असे म्हणता येते. सीमा पूर्वी हुकूमनामा जेथे थांबे अशी भिंत होती. आज ती कागदपत्रे ओलांडू शकतील असा उंबरठा आहे. तो ओलांडण्याचा खर्च मात्र सर्वांस सारखा नाही. पतपेढी वा मोठी वित्तसंस्था दुसऱ्या राज्यात वकील नेमू शकते. पोटगी मागणाऱ्या स्त्रीस ते अवघड जाते. शासकीय कंपनीच्या नोकराचे वेतन घरबसल्या अडविता येते. कंत्राटदारामार्फत राबणाऱ्याचा वेतनदाता कोण, हे ठरविण्यातच काळ जातो. वेतन बँकखात्यात जमा होऊ लागल्यापासून ते कोणत्या स्थळी वाटले जाते, हेही नेहमी स्पष्ट नसते, आणि नियम ४८-अ तर ह्या स्थळावरच उभा आहे. पोटगीपुरता तरी नियम ४८ चा थेट मार्ग खाजगी वेतनदात्यांस लागू करणे व मुक्त रकमेचा आकडा निर्वाहखर्चाशी जोडणे, ह्या दोन सुधारणा विचारात घेण्याजोग्या आहेत.

जिवती तालुक्याच्या सीमेवरील चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगण ह्या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितलेला आहे. परमडोली, मुकादमगुडा, अंतापूर इ. ह्या गावांत दोन्ही राज्यांच्या शाळा चालत आल्या आहेत आणि अनेक कुटुंबांजवळ दोन्हीकडील शिधापत्रिका व मतदार ओळखपत्रे आहेत. अशा ठिकाणी माणूस कोणत्या राज्यात राहतो, ह्या प्रश्नास एकच उत्तर नसते. वेतनजप्तीच्या कायद्याने निवासाऐवजी वेतन वाटणाऱ्या कचेरीचे स्थळ प्रमाण मानले, ह्यातील व्यवहारचातुर्य येथे प्रत्ययास येते. त्याबरोबरच त्याची मर्यादाही येथेच उघड होते; कारण ज्यांच्या मजुरीस कोणतीही कचेरी नाही, अशा बहुसंख्य रहिवाशांच्या देण्याघेण्यास ह्या कायद्याचा स्पर्शही होत नाही.